'खाण्यायोग्य' या रकान्यात काय लिहायचं?

पेट निघाली, गाईड मिळाले, आता आरआरसीसमोर सिनॉप्सिस न्यायचाय. अशा वेळी वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र किंवा अन्नशास्त्रातल्या बऱ्याच जणांच्या डोक्यात एक विषय हमखास येतो: विदर्भातली रानखाद्यं. विषय चांगलाच आहे. पण या विषयावरचे प्रबंध उघडले की आत एक ठरलेला तक्ता सापडतो. स्थानिक नाव, शास्त्रीय नाव, कुळ, आणि शेवटी 'खाण्यायोग्य भाग'. त्या शेवटच्या रकान्यात एकच शब्द असतो. कंद. बी. फळ. पान.

माझं भांडण या एका शब्दाशी आहे. कंद खाण्यायोग्य आहे म्हणजे काय? खोदून आणला आणि खाल्ला? की चकत्या करून, राखेच्या पाण्यात उकळून, रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवून, मग खाल्ला? दुसरं असेल तर खाण्यायोग्य असणं हा त्या वनस्पतीचा गुण नाही, ते एका प्रक्रियेचं फळ आहे. तक्त्यात वनस्पती आली आणि प्रक्रिया राहिली, तर वाचणाऱ्याच्या हातात अर्धी माहिती पडते. रानटी अन्नाच्या बाबतीत अर्ध्या माहितीने माणूस दवाखान्यात पोचू शकतो.

आणखी एक प्रश्न त्याच्याही आधी विचारायला हवा. ही प्रक्रिया लोकांना सापडली कशी? प्रयोगशाळा नव्हती, क्रोमॅटोग्राफ नव्हता. शोधक यंत्र होतं ते शरीर: जीभ, कातडी, पोट. मग जिथे शरीर लगेच सांगतं तिथे प्रक्रिया बारकाईने बसलेली असणार, आणि जिथे शरीर उशिरा सांगतं किंवा सांगतच नाही तिथे परंपरेलाही पत्ता लागायला अवघड जाणार. रानखाद्यांवर काम करताना मी हीच फूटपट्टी वापरते. ती कशी चालते ते चार उदाहरणांवर बघू. पहिलं उदाहरण परदेशातलं आहे, कारण या प्रश्नावर सर्वांत जास्त लिहिलं गेलंय ते त्याच्यावर.

ते म्हणजे ओकचं फळ, इंग्रजीत एकॉर्न. हिंदीपट्ट्यात याला सीतासुपारी म्हणतात, उर्दू-फारसीत झाडाला बलूत. (आपल्या गावगाड्यातल्या बलुत्याशी त्याचा काही संबंध नाही.) क्वेर्कस या प्रजातीत साडेचारशेच्या आसपास जाती आहेत, भारतात त्या हिमालयात आणि ईशान्येकडे. उत्तराखंडातला बांज हा त्यांच्यातलाच. दख्खनच्या रानात ओक नाही. मिहानमध्ये पावसाळ्यात रिकाम्या प्लॉटांवर फिरलात तर तरोटा, बाभूळ, पळस, बोर भेटेल. शिवणगाव-खापरीकडच्या बाया तरोट्याची कोवळी पानं खुडताना दिसतील. ओक नाही. तरीही आपल्यातल्या बहुतेकांच्या जिभेला ओक लहानपणीच लागलेला असतो. बाळगुटीतलं माजूफळ आठवा, आजी सहाणेवर ज्याचे वेढे उगाळते ते. ते फळ नसतंच. ओकच्या फांदीवर एका बारीक कीटकाने अंडी घातल्यावर झाड जी गाठ तयार करतं, ती म्हणजे माजूफळ. आणि त्याची जी तोंड आवळणारी तुरट चव असते ती टॅनिनची.

ओकच्या फळातही हेच टॅनिन असतं. फळात पिष्ट भरपूर, काही जातींत तेलही बऱ्यापैकी, म्हणजे धान्याच्या तोडीचं अन्न. अडचण टॅनिनची. टॅनिन प्रथिनांना चिकटतं. लाळेतल्या प्रथिनांना चिकटलं की तोंड कोरडं पडतं, जीभ आवळते. यालाच आपण तुरट म्हणतो. अन्नातल्या प्रथिनांना आणि पाचकरसांना चिकटलं की पचन बिघडतं. म्हणजे इथे जिभेला जे कळतं आणि पोटाला जे बाधतं ते एकच द्रव्य आहे, आणि जीभ ते दोन सेकंदांत सांगते. शिवाय टॅनिनचा बराच भाग पाण्यात विरघळतो. संशोधकाला यापेक्षा सोपी परिस्थिती मिळत नाही.

कॅलिफोर्नियातल्या मिवोक, पोमो, योकट्स अशा मूळ रहिवाशांचं ओक हे मुख्य अन्न होतं. फळं वाळवायची, फोडायची, कातळातल्या उखळात कुटून पीठ करायचं. मग वाळूत उथळ खड्डा करून त्यात पीठ पसरायचं आणि वरून पाणी ओतत राहायचं. पाणी पिठातून वाळूत उतरतं, टॅनिन घेऊन जातं. अधूनमधून चिमूटभर पीठ जिभेवर ठेवून बघायचं. तुरटपणा गेला की थांबायचं. पुढे घट्ट विणलेल्या टोपलीत पीठ-पाणी घेऊन त्यात तापवलेले दगड टाकून त्याची पेज करायची. कोरियात याच फळाच्या पिष्टाची खांडवीसारखी घट्ट वडी पडते, तिला दोतोरीमुक म्हणतात, आणि ती आजही बाजारात मिळते.

यातला एक बारकावा पुढे उपयोगी पडेल. गरम पाण्याने टॅनिन लवकर निघतं, थंड पाण्याला वेळ लागतो. मग सगळ्यांनी गरमच का वापरलं नाही? कारण गरम पाण्यात पिष्ट शिजतं, त्याची खळ होते, आणि अशा पिठाला नंतर चिकटपणा राहत नाही. भाकरी-वडी नीट बांधली जात नाही. थंड पाण्याने वेळ जातो पण पीठ पिठासारखं राहतं. 'पारंपरिक पद्धत मंद असते' असं लिहिण्याआधी त्या मंदपणाने काय वाचवलं ते मोजायला हवं.

हे सगळं हाताने करून बघायचं असेल तर ओक लागत नाही. आपल्याकडे आंब्याची कोय आहे. मे-जूनमध्ये नागपुरात ज्या प्रमाणात आमरस होतो, त्या प्रमाणात कोयी उकिरड्यावर जातात. कोयीतल्या गरात पिष्ट आहे, तेल आहे, टॅनिनही आहे. रासायनिकदृष्ट्या ती ओकच्या फळाची जवळची बहीण शोभेल. मध्य आणि पूर्व भारतात टंचाईच्या दिवसांत कोयीचं पीठ धुऊन खाल्लं जातं. २००१ साली ओडिशाच्या रायगडा जिल्ह्यातल्या काशीपूर भागात कोयीची पेज खाऊन माणसं दगावल्याच्या बातम्या देशभर गाजल्या, आणि माणसं भुकेने मेली की कोयीने, असा वाद पेटला. ओलसर साठवलेल्या कोयीवर बुरशी चढते. बुरशीचं विष धुण्याने जाईलच असं नाही, आणि जीभ ते ओळखेलच असंही नाही. तेव्हा पुढचा प्रयोग कोय ताजी घेऊन, आणि प्रयोगशाळेतलं काहीही तोंडात न घालता करायचा.

गर सोलून, वाळवून, दळून घ्या. चार काचपात्रं. पहिल्यात जाडसर भरड, थंड पाणी, दर सहा तासांनी पाणी बदल. दुसऱ्यात बारीक पीठ, बाकी तसंच. तिसऱ्यात बारीक पीठ पण दर वेळी उकळतं पाणी. चौथ्यात बारीक पीठ आणि दुसऱ्या पात्राला सगळ्या बदलांत मिळून जितकं पाणी लागलं तितकं एकदम, बदल नाही. दर वेळी ओतलेल्या पाण्याचे दोन मिलीलिटर परीक्षानळीत घेऊन फेरिक क्लोराईडचे थेंब टाका. टॅनिन असेल तर निळसर काळा रंग येतो, एके काळी माजूफळापासून शाई करत तोच हा रंग. दर बदलाला तो फिका होत जाईल. चौथं पात्र मात्र एका ठिकाणी अडून बसेल, कारण पाण्यात आणि पिठात टॅनिनची वाटणी होऊन समतोल आला की पुढे काही निघत नाही. बीएस्सीला सेपरेटिंग फनेलने शिकलेला धडा, थोड्या थोड्या द्रावकाने अनेकदा धुणं हे सगळा द्रावक एकदम ओतण्यापेक्षा चांगलं, तोच इथे स्वयंपाकघरात भेटतो.

आता त्याच ओतलेल्या पाण्यात आयोडीनचा थेंब टाकून बघा. बारीक पिठाच्या पाण्यात पिष्टही वाहून जाताना दिसेल. टॅनिन किती गेलं एवढंच मोजलं तर बारीक पीठ जिंकतं. अन्न किती उरलं हेही मोजलं तर निकाल फिरू शकतो. फक्त 'विष किती कमी झालं' याचा आलेख देणाऱ्या शोधनिबंधांकडे म्हणूनच मी जरा संशयाने बघते. आणि एकाच आंब्याच्या कोयीच्या तीन पुड्या म्हणजे तीन नमुने होत नाहीत. तीन वेगळी झाडं हवीत, जमल्यास गावरान आणि कलमी दोन्ही. व्हायव्हात यावर बरेच जण अडकतात. पुढे आकडे हवे असतील तर फोलिन-सिओकाल्टू पद्धत आहेच, पण ती एकूण फिनॉल मोजते आणि क जीवनसत्त्वासारख्या इतर द्रव्यांनाही रंग देते. तिच्या आकड्याला सरळ 'टॅनिन' म्हणू नका.

इथपर्यंत जीभ प्रामाणिक होती. पुढे गुंता वाढतो.

रानटी कंदांपैकी डायोस्कोरिया बल्बिफेरा, म्हणजे कडू करांदा किंवा मटारू, सह्याद्रीपासून सातपुड्यापर्यंत खाल्ला जातो. कडू जातीच्या चकत्या करून, राखेबरोबर उकळून, टोपलीत घालून ओढ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवायची रीत अनेक आदिवासी समाजांत आहे. वाहता ओढा म्हणजे आपोआप बदलत राहणारं पाणी, आपलं चौथं पात्र टाळायची युक्ती. यातली कडू द्रव्यं डायोस्बल्बिन गटातली, यकृताला घातक. सातपुड्याच्या पलीकडे, छिंदवाड्याच्या बाजूला बैचांदी म्हणतात तो डायोस्कोरिया हिस्पिडा वेगळा. त्याचं विष डायोस्कोरिन नावाचं अल्कलॉइड, ते मज्जासंस्थेवर जातं, जास्त झालं तर झटके येतात. ते पाण्यात विरघळतं म्हणून चकत्या दिवसचे दिवस पाण्यात ठेवतात. एकच प्रजाती, दोन जाती, दोन वेगळी विषं, वेगवेगळे अवयव. तक्त्यात दोन्हींसमोर शब्द एकच: कंद.

आणि इथे जिभेवरचा विश्वास थोडा कमी करावा लागतो. टॅनिनमध्ये चव आणि बाधा एकाच द्रव्याची होती. कंदात कडूपणा गेला म्हणजे घातक द्रव्य सुरक्षित पातळीखाली गेलं, हे गृहीत धरायचं की सिद्ध करायचं? जिभेलाही शोधमर्यादा असते, उपकरणाला असते तशीच. त्या मर्यादेखाली उरलेलं द्रव्य एका जेवणात काही करणार नाही, पण महिनाभर रोज खाल्लं तर? हा खरा पीएचडीचा प्रश्न आहे. राखेचंही तसंच. राख पाणी अल्कधर्मी करते. तिने विष विघटतं, का कंदाच्या पेशी सैल होऊन ते लवकर बाहेर पडतं, का दोन्ही? राख, तितक्याच सामूचं सोड्याचं पाणी, आणि साधं पाणी अशी तीन भांडी ठेवली की उत्तराला तोंड फुटतं.

असं लिहून ठेवायची निकड आपल्याकडे आधीही कुणाला तरी वाटली होती. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या लागोपाठच्या दुष्काळांनंतर जी. ए. गॅमी यांनी मुंबई इलाख्यात टंचाईत खाल्ल्या जाणाऱ्या वनस्पतींवर एक टिपण १९०२ साली भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या नोंदींत छापलं. नागपूर तेव्हा मध्य प्रांतात, त्यामुळे त्यातून बाहेर. लिटरेचर रिव्ह्यू करताना विदर्भवाल्यांनी ही सीमा लक्षात ठेवायची: आपली जुनी कागदपत्रं मुंबईच्या गॅझेटियरांत शोधून सापडत नाहीत, मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या कपाटात बघावं लागतं.

आता बिब्बा. विदर्भाच्या रानातलं ओकच्या फळाला सर्वांत जवळचं काही असेल तर मला हेच वाटतं. कवच असलेलं रानटी फळ, आत खाण्याजोगी बी, आणि मध्ये विष. शास्त्रीय नाव सेमेकार्पस ॲनाकार्डियम. आंबा, काजू, चारोळी हे त्याचे सख्खे नातेवाईक. फळाची मांडणी काजूसारखी: वर केशरी मांसल देठ, तो वाळवून किंवा भाजून खातात, खाली काळं, चपटं, हृदयाच्या आकाराचं बोंड. बोंडाच्या सालीत काळं, चिकट तेल. आणि आत गोडंबी, जी डिंकाच्या लाडवात पडते आणि किराणा दुकानात सुक्या मेव्याच्या भावाने विकली जाते.

ओकची पद्धत इथे लावून बघा. बिब्बे कुटून ओढ्यात ठेवले तर काय होईल? काहीच नाही. बिब्ब्यातलं विष म्हणजे भिलावनॉल: एका टोकाला कॅटेकोल, आणि त्याला पंधरा कार्बनांची लांब शेपटी. ती शेपटी तेलात रमते, पाण्याला जुमानत नाही. धोबी कपड्यांवर खूण करायला बिब्बा वापरत ते याचमुळे. धुतलं तरी जात नाही. म्हणजे पाण्याचा सगळा शहाणपणा इथे निकामी. पण एक गोष्ट आपल्या बाजूची आहे: विष सालीत आहे, बीत मुरलेलं नाही. म्हणून बिब्ब्याची प्रक्रिया धुण्याची नाही, वेगळं करण्याची आहे. बोंड वाळवायचं, दगडावर नेमक्या धारेवर धरायचं, नेमका घाव घालायचा, आणि तेल न लागू देता गोडंबी काढायची. घाव जोरात बसला तर बी चेंदते आणि तेलात माखते. हळू बसला तर कवच फुटत नाही आणि तेल उडतं.

पश्चिम विदर्भातल्या काही गावांत बाया हे काम घरी बसून करतात. त्यांच्या हातांवर, कधी तोंडावर, काळे डाग आणि फोड असतात. आपण याला 'बिब्बा उतला' म्हणतो. उतण्याची यंत्रणा समजून घेतली की ते लगेच का कळत नाही हे लक्षात येतं. भिलावनॉल कातडीत शिरतं, तिथे त्याचं ऑक्सिडीकरण होऊन क्विनोन बनतं, ते कातडीच्या प्रथिनांना चिकटतं, आणि शरीराच्या टी-पेशी त्या बदललेल्या प्रथिनाला परकं समजून हल्ला करतात. एकदा शरीर संवेदनशील झालं की पुढच्या संपर्कानंतर साधारण एक ते तीन दिवसांनी पुरळ आणि फोड येतात. जपानी लाखेच्या झाडातला उरुशिऑल, अमेरिकेतली पॉयझन आयव्ही, यांची द्रव्यंही याच घडणीची. दुसऱ्या महायुद्धात भारतात असलेल्या अमेरिकन सैनिकांना मानेवर, मनगटावर चट्टे येऊ लागले. कारण निघालं धोब्याने कपड्यावर केलेली बिब्ब्याची खूण. १९४३ साली याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात झाली. तिकडच्या काहींचं शरीर आयव्हीमुळे आधीच संवेदनशील झालेलं असल्यास नवल नाही.

सोमवारी काम केलं, बुधवारी फोड आले. शिवाय एकीला येतात, शेजारणीला येत नाहीत. मधे दोन दिवस आणि माणसागणिक फरक, अशा वेळी कारण-परिणाम जोडणं अवघड होतं. तरीही लोकांनी ते जोडलं, कारण काम रोजचं आणि हात अनेक. पण उपायांची चाचणी मात्र या उशिरामुळे ढिली राहते. हाताला राख लावली तर फायदा होतो का? तेल आधीच लावलं तर ते आडपडद्यासारखं काम करेल. पण बिब्ब्याचा चीक लागल्यावर तेल लावलं तर विष त्यात विरघळून आणखी पसरेल का? आयुर्वेदातलं भल्लातकाचं शोधन मला या बाबतीत विचारपूर्वक वाटतं: बोंडाचं टोक कापून विटेच्या भुकटीत घासायचं, मग धुवायचं. विटेची भुकटी सच्छिद्र, ती तेल शोषून घेते. म्हणजे पाणी चालत नाही हे ओळखून शोषकाची निवड झालेली आहे. औषधं आणि सौंदर्यप्रसाधनं नियमावलीच्या ई-एक परिशिष्टात भल्लातक विषारी द्रव्यांच्या यादीत आहे, तेही योग्यच.

'काजूसारखं भाजून का काढत नाही?' हा प्रश्न सेमिनारमध्ये हमखास येतो. काजूच्या सालीत मुख्यत्वे ॲनाकार्डिक आम्ल. तापवल्यावर त्यातला कार्बॉक्सिल गट सुटतो आणि कार्डेनॉल उरतं. भिलावनॉलला तो गटच नाही, त्यामुळे काजूचं रसायन इथे उचलून लावता येत नाही. शिवाय तापवताना निघणारा धूर डोळ्यांना आणि श्वासाला बाधतो, म्हणजे हातांचं दुखणं फुफ्फुसाकडे सरकवल्यासारखं. यांत्रिक फोडणीवर काम करायचं असेल तर मोजमापात दोन आकडे हवेत: अखंड गोडंबी किती निघाली, आणि बाईच्या हातमोज्यावर भिलावनॉल किती सापडलं. दुसरा आकडा कुणी मागत नाही. गोडंबीचा दर ठरवताना अखंड बी आणि चुरा यांत फरक केला जातो, हाताचा हिशेब कुठेच धरला जात नाही.

चौथं उदाहरण रानटी नाही, पेरलेलं आहे, तरी ते घेतल्याशिवाय ही फूटपट्टी पूर्ण होत नाही. लाखोळी. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे धान कापणीच्या आधी ओल असलेल्या बांधीत बी फेकून देतात, वेगळी मशागत नाही, पाणी नाही, तरी पीक येतं. चव गोडसर, चांगली. डाळ होते, वडे होतात, कोवळ्या पाल्याची भाजी होते. जिभेला तक्रार नाही, कातडीला नाही, पोटाला नाही. आणि ज्या वर्षी दुसरं काही पिकत नाही, त्या वर्षी महिनोन्महिने मुख्यतः हीच खाल्ली तर काहींचे पाय आखडतात, आणि ते परत सरळ होत नाहीत. आजच्या मध्य प्रदेशातल्या सागर भागात १८३० च्या दशकात तरुण माणसं अशी लुळी पडल्याचं विल्यम स्लीमनने लिहून ठेवलंय. कारणीभूत द्रव्य, ओडॅप नावाचं एक अमिनो आम्ल, हाती लागलं ते १९६४ साली. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राव, अडिगा आणि सर्मा यांनी ते वेगळं केलं. विक्रीवरची बंदी त्याआधीच, १९६१ साली अन्नभेसळीच्या नियमांत आली होती.

यातली टोचणी अशी की ओडॅप पाण्यात विरघळतं. ओकचं टॅनिन काढायला जे कौशल्य लागतं त्याहून जास्त काही इथे लागत नव्हतं. गरम पाण्यात डाळ भिजवून ते पाणी फेकलं की बराचसा भाग निघून जातो. हैदराबादच्या पोषण संशोधकांनी १९६० च्या दशकात हे दाखवलं. (त्याबरोबर ब गटातली जीवनसत्त्वंही जातात, कोयीच्या पिष्टासारखाच हिशेब.) मग शतकानुशतकं कुणी ते पाणी का फेकलं नाही? कारण फेकावं असं सांगणारं काहीच नव्हतं. पाणी कडू नाही, तुरट नाही, काळं नाही. परिणाम महिन्यांनी, तोही दुष्काळाच्या वर्षी, जेव्हा दुबळं व्हायला इतर दहा कारणं असतात. नेहमीच्या मिश्र जेवणात ही डाळ खाणारी कुटुंबं पूर्व विदर्भात पिढ्यान् पिढ्या धडधाकट आहेत, त्यामुळे 'आमच्यात कुणाला काही झालं नाही' हे त्यांचं म्हणणंही खरंच असतं. प्रश्न मात्रेचा आणि इतर अन्नाच्या अभावाचा. आता रतन, प्रतीक, महातिवडा अशा कमी ओडॅपच्या जाती आहेत आणि २०१६ साली बंदी उठवण्याची शिफारसही चर्चेत आली. पण कमी ओडॅपचं बी आणि जुनं बी नुसतं बघून ओळखता येत नाही. जीभ इथेही गप्पच.

तर तुमच्या सिनॉप्सिसच्या तक्त्यासाठी. 'खाण्यायोग्य भाग' हा रकाना ठेवा, पण त्याच्यापुढे आणखी रकाने आखा. कच्चं खाल्लं तर काय होतं, आणि ते किती वेळाने कळतं? कोण काढतं, किती बारीक करतं, पाणी किती वेळा बदलतं, राख कोणत्या लाकडाची? थांबायचं कधी हे कशावरून ठरवतं? हा शेवटचा प्रश्न विसरला जातो, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा, कारण त्याच्या उत्तरात त्या घराचं शोधक यंत्र सापडतं. उत्तर 'चव बघून' असेल तर चवीचं द्रव्य आणि विषाचं द्रव्य एकच आहे का हे तुम्हाला प्रयोगशाळेत तपासायचंय. उत्तर 'आजी तीन दिवस ठेवायची' असेल तर तीन दिवसांनंतरचा, दोन दिवसांनंतरचा आणि एका दिवसानंतरचा, असे तिन्ही नमुने मागून घ्या. नुसता खायला तयार झालेला नमुना आणलात तर तुलना कशाशी करणार?

नमुने प्रक्रियेच्या प्रत्येक पायरीवर घ्यायचे तर प्रक्रिया करणाऱ्या बाईचे दोन-तीन दिवस जातात. त्या दिवसांची मजुरी प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात लिहा, 'फील्ड असिस्टन्स' या शीर्षाखाली ती बसते. गावाच्या सामूहिक वनहक्काच्या क्षेत्रातून कंद किंवा बिब्बे घेत असाल तर आधी ग्रामसभेत विषय मांडा आणि ठरावाची प्रत घ्या. जैवविविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समितीही असते, तिलाही कळवा. या कागदांना वेळ लागतो, कंद खणायचा हंगाम मात्र थोडे आठवडेच टिकतो. कडू करांद्याचा वेल पावसाळ्यानंतर वाळला की जागा सापडत नाही, म्हणून खुणा पावसातच करून ठेवाव्या लागतात. बिब्बे हिवाळ्यात येतात. आणि आंब्याच्या कोयी, त्यांना कुणाची परवानगी लागत नाही; पुढच्या उन्हाळ्यात चार काचपात्रं आणि फेरिक क्लोराईडची एक बाटली तयार ठेवा.